एनर्जी ड्रिंकवरचा इशारा आणि विकणाऱ्याचा धर्म

एनर्जी ड्रिंकच्या बाटलीवर आरोग्याचा इशारा असावा का, हा प्रश्न भारतात कायद्याने २०१६ सालीच निकाली काढला आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्या वर्षी कॅफीनयुक्त पेयांची मानके ठरवली. अशा पेयात लीटरमागे किमान १४५ आणि कमाल ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. पेयात कॅफीन जास्त आहे; लहान मुलांनी, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि ज्यांना कॅफीन सोसत नाही अशांनी ते घेऊ नये; दिवसाला ५०० मिलीलीटरच्या वर पिऊ नये, एवढे वेष्टनावर छापावे लागते. कोल्हापुरात रंकाळ्याच्या कडेला किंवा शिवाजी पेठेतल्या एखाद्या बेकरीत मिळणारी बाटली फिरवून पाहिली, तर मागच्या बाजूला घटकांच्या यादीजवळ ही वाक्ये बारीक इंग्रजी अक्षरांत सापडतात. म्हणजे इशारा आहेच. उरतो तो कायद्याच्या पलीकडचा प्रश्न. इशारा छापला की विकणाऱ्याचा दोष सुटतो का? आणि ज्याला वाचून कळले पण थांबता आले नाही, त्याच्या नुकसानीचा वाटा कोणाच्या पदरात पडतो?

आधी वस्तू काय आहे ते पाहायला हवे. माणूस जागा असतो तितका वेळ त्याच्या मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते, आणि ते ठरावीक जागी जाऊन चिकटले की झोप येऊ लागते. कॅफीन नेमक्या त्याच जागा अडवून बसते. थकवा आहे तिथेच राहतो, फक्त त्याची वर्दी वर पोचत नाही. शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे निघून जायला प्रौढ माणसाला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला प्यायलेल्या बाटलीतले निम्मे कॅफीन रात्री अकराला अजून अंगात असते. अडीचशे मिलीलीटरच्या बाटलीत ते जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम भरते. हा आकडा कडक कॉफीच्या एका कपाच्या आसपासचा आहे, आणि निरोगी प्रौढाने त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफीन सुरक्षित धरले. मुलांसाठी मात्र शरीराच्या वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम हे प्रमाण धरले. चाळीस किलो वजनाच्या आठवी-नववीतल्या मुलाची मर्यादा या हिशेबाने १२० मिलिग्रॅमवर संपते, तर दोन बाटल्यांत १५० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन असू शकते. त्या मुलाने दिवसाला ५०० मिलीलीटरची सूचना वाचून ती तंतोतंत पाळली, तरी त्याने मर्यादा ओलांडलेली असते.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. कॉफीच्या कपावर कोणी इशारा छापत नाही, चहाच्या गाड्यावर पाटी नसते. मग याच पेयाच्या मागे का लागायचे? उत्तर चवीत आहे. कॅफीन मुळात कडू. कडक कॉफी गरम असते, घोटघोट प्यावी लागते, आणि दहा वर्षांच्या मुलाला तिचा पहिलाच घोट नकोसा होतो. तो कडूपणाच निसर्गाने दिलेला इशारा होता. थंडगार, गोड, फसफसणाऱ्या पेयात तो साखरेने आणि स्वादाने पुसून टाकला जातो, आणि मग त्याच्या जागी छापील वाक्य लावले जाते. जिभेला कळणारा इशारा काढून डोळ्यांना कष्टाने दिसणारा इशारा देणे, ही अदलाबदल बरोबरीची आहे का, असे विचारले की हा विषय नीतिशास्त्राच्या हद्दीत येतो.

भारतीय परंपरेत आहाराचा विचार धर्मविचारापासून कधी वेगळा नव्हता. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि कीर्तनातून, प्रवचनातून हे वर्गीकरण घरोघरी पोचलेले आहे. एनर्जी ड्रिंकला ‘राजस’ म्हणून मोकळे होण्याचा मोह त्यामुळे होतो. पण नीट पाहिले तर ते तिथे सहज बसत नाही. गीतेतला राजस आहार कडू, आंबट, खारट, अति उष्ण, तिखट, कोरडा, जळजळ करणारा आहे. या यादीने कॉफी राजस ठरेल आणि हे गोड, थंड पेय सुटून जाईल. नुसत्या चवीवरून लावलेला निकष इथे उलटा पडतो. त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातला सुखाचा विचार जास्त कामाचा आहे. तिथे सुखाची प्रत आरंभ आणि परिणाम यांच्या क्रमावरून ठरवली आहे: आरंभी कडू आणि शेवटी अमृतासारखे ते सात्त्विक, आरंभी अमृतासारखे आणि शेवटी विषासारखे ते राजस. पेयाची चव कोणतीही असो, उधार घेतलेल्या तरतरीचा हिशेब याच क्रमाने लागतो. सहाव्या अध्यायातही योग्याला आहाराच्या बरोबरीने झोपेचे आणि जागेपणाचे माप सांगितले आहे. फार झोपणाऱ्याला आणि फार जागणाऱ्याला योग साधत नाही, असे तिथले मत आहे.

धर्म जागरणाच्या विरोधात आहे, असा अर्थ यातून काढता येणार नाही. खंडोबाचे जागरण, देवीचा गोंधळ, एकादशीचा हरिजागर, शिवरात्र, कोजागरी ही सगळी जागण्याचीच व्रते. पण प्रत्येक जागरणाला तिथी आहे, कारण आहे आणि दुसरा दिवस आहे. रोजची झोप मोडून उभे केलेले जागेपण कोणत्याही व्रतात बसत नाही.

उत्तेजक पेयाच्या द्रव्यगुणाबद्दल मात्र धर्मपीठांनी फारसे डोके चालवलेले दिसत नाही, हे कबूल करायला हवे. पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले प्रभृतींनी चहा घेतला आणि त्यावरून जे ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचे प्रकरण, झाले, ते शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तावर आले. त्या सगळ्या वादात चहाने झोप उडते की नाही, हे कोणाच्या विषयपत्रिकेवर नव्हते; तो कोणाच्या घरचा आणि कोणाच्या हातचा, एवढाच मुद्दा होता. आजही एकादशीला भात चालत नाही, चहा-कॉफी मात्र बिनबोभाट चालते. इतर धर्मांत या बाबतीत जास्त खल झाला. मक्केत १५११ साली खैर बेग या मामलुक अधिकाऱ्याने कॉफी ही मद्यासारखी ठरवून तिच्यावर बंदी आणली. ती टिकली नाही आणि पुढे कॉफी मुस्लिम जगाचे पेय झाले. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाने १८३३ सालच्या उपदेशाच्या आधारे चहा आणि कॉफी दोन्ही वर्ज्य केली. या दोन्ही ठिकाणी प्रश्न पिणाऱ्याला विचारला गेला. विकणाऱ्याला विचारलेला प्रश्न शोधायचा तर दुसरीकडे जावे लागते.

व्यवहाराच्या शास्त्रात तो सापडतो. नारदस्मृतीत खरेदी-विक्रीचे वेगळे प्रकरण आहे. गिऱ्हाइकाने माल घेण्याआधी त्याचे गुणदोष पारखावेत; पारखून घेतलेला माल परत करता येत नाही, असे नारदाचे म्हणणे आहे. उलट चांगला माल दाखवून खराब माल गळ्यात मारणाऱ्याला दंड आहे. आजची सगळी लेबले या नियमाचीच वंशज म्हणता येतील. दोष सांगून विकले की विकणारा मोकळा, आणि घेणारा आपल्या पारखीला जबाबदार. पण या व्यवस्थेची एक अट आहे: माल पारखण्याची कुवत गिऱ्हाइकाकडे असली पाहिजे. गाय, घोडा, कापड या डोळ्यांनी आणि हातांनी पारखण्याच्या वस्तू होत्या. लीटरमागे ३०० मिलिग्रॅम हे पारखायला प्रयोगशाळा लागते, आणि गिऱ्हाइकाला कंपनीच्या शब्दावर विसंबावे लागते.

बौद्ध आणि जैन परंपरा याहून पुढे जातात. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, जिवंत प्राण्यांचा, मांसाचा, मादक पदार्थांचा आणि विषाचा. गिऱ्हाइकाला सर्व कल्पना देऊन हे व्यापार केले तर चालतील, अशी सवलत तिथे नाही. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात शेती आणि व्यापार दोन्ही करणारा दिगंबर जैन समाज मोठा आहे. त्या परंपरेतल्या समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, आणि त्यांतला एक ‘हिंसादान’ हा आहे. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, आग, साखळदंड अशी साधने दुसऱ्याच्या हाती देणे, हा देणाऱ्याचा दोष मानला आहे. या यादीत कुऱ्हाड आणि कुदळ आहेत, हे विशेष. त्या शेतकऱ्याच्या रोजच्या कामाच्या वस्तू. वस्तू मुळात वाईट नसली, तरी ती कोणाच्या हाती आणि कशासाठी देतो याचा विचार देणाऱ्याने करायचा आहे. एनर्जी ड्रिंक विष नाही आणि मद्यही नाही, त्यामुळे बौद्ध यादी त्याला थेट लावणे ओढूनताणून होईल. जैनांचा हा निकष मात्र त्याला नेमका लागू पडतो.

पाश्चात्य विचारात या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर जॉन स्टुअर्ट मिलने दिले. १८५९ सालच्या ‘ऑन लिबर्टी’त त्याने विषाच्या विक्रीचेच उदाहरण घेतले आहे. विषाचे उपयोग चांगलेही असतात, त्यामुळे बंदी घालणे घेणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर घाला ठरतो; पण बाटलीवर ते धोक्याचे आहे असे लिहायला लावण्याने कोणाचे स्वातंत्र्य जात नाही, कारण आपण काय घेतो आहोत हे कळू नये अशी इच्छा कोणाचीच नसते. इशाऱ्याच्या बाजूने इतका नेमका युक्तिवाद क्वचितच कोणी केला असेल. मिल आणि स्पेन्सर यांचा विचार मराठीत रुजवणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांचा कोल्हापूरशी संबंध आला तो वेगळ्याच निमित्ताने: कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाची प्रकरणे छापल्याबद्दल दिवाण माधवराव बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला आणि १८८२ साली आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. लोकांना सावध करणाऱ्या छापील मजकुराची किंमत या शहराच्या प्रकरणातच मोजली गेली होती.

मिलच्या उत्तरात एक गृहीतक आहे. ज्याला कळते तो कळण्याप्रमाणे वागू शकतो, असे ते धरून चालते. नेमक्या याच जागी चरकसंहिता त्याच्याशी असहमत आहे. चरकाने रोगाचे एक मोठे कारण ‘प्रज्ञापराध’ हे सांगितले, आणि प्रज्ञेचे तीन भाग केले: धी, धृती आणि स्मृती. धी म्हणजे हितकर काय आणि अहितकर काय हे ओळखणे. धृती म्हणजे अहिताकडे धावणाऱ्या मनाला आवरणे. स्मृती म्हणजे ओळखलेले वेळेवर आठवणे. तिन्हींपैकी एकही ढळली तरी अपराध घडतो. या विभागणीच्या उजेडात छापील इशारा किती काम करतो ते मोजता येते. तो धीला मदत करतो, कारण माहिती देतो. अक्षर ठळक असेल आणि बाटलीच्या दर्शनी बाजूला असेल, तर स्मृतीलाही थोडी मदत करतो. धृतीला तो काहीही देत नाही. सिगारेटच्या पाकिटावर भारतात २००९ पासून चित्ररूप इशारा आहे, २०१६ पासून तो पाकिटाच्या ८५ टक्के भागावर आहे, आणि तरीही पाकीट उघडले जाते. ओढणाऱ्याची धी शाबूत असते; ढळलेली असते ती धृती.

एनर्जी ड्रिंकच्या बाबतीत यात आणखी एक पेच आहे. चरकाने अडवू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत. मल-मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान यांच्याबरोबर त्या यादीत निद्राही आहे आणि श्रमाने लागणारी धापही आहे. झोप अडवली की जांभया, अंगदुखी, सुस्ती, डोक्याचे विकार, डोळ्यांना जडपणा येतो, असे तो नोंदवतो. शरीराला तोलून धरणाऱ्या तीन उपस्तंभांतही आहारानंतर त्याने झोपेलाच जागा दिली आहे. अपुऱ्या झोपेने मनाचा आवर सुटतो, हा तर ज्याने त्याने घेतलेला अनुभव आहे. म्हणजे हे पेय रोज घेणाऱ्याची जी शक्ती त्याला थांबवू शकली असती, तीच शक्ती त्या पेयाने मोडलेल्या झोपेमुळे क्षीण होत जाते. इशारा अशा माणसाला उद्देशून आहे, ज्याची इशारा पाळण्याची ताकद प्रत्येक बाटलीगणिक कमी होते आहे.

मग धृती येते कुठून? कोल्हापूरला या प्रश्नाचे उत्तर आखाड्यात मिळाले होते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींनी आणि १९१२ साली राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाने या शहराला मल्लविद्येची पंढरी केले. मल्लाचा खुराक म्हणजेही बळ वाढवण्याचे पेय: रात्री भिजत घातलेले बदाम सकाळी सोलायचे, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे यांच्याबरोबर कुंडीत घोटण्याने तासभर घोटायचे, दूध घालून गाळून थंडाई करायची. संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध प्यायचे. कोणत्याच लोट्यावर इशारा नव्हता. पण कोणत्या पोराने किती बदाम खायचे हे वस्ताद ठरवत असे, आणि ते त्याने मारलेल्या जोर-बैठकांच्या हिशेबात. मेहनत न करणाऱ्याला खुराक मिळत नसे, आणि वय लहान असेल तर जास्त मागूनही मिळत नसे. पोराजवळ धृती नसेल तर ती वस्तादाची चालत असे. घोटण्यालाच तास लागत असल्याने दिवसाला चार लोटे पिण्याचा प्रश्नही येत नव्हता. जुन्या तालमीचे फार कौतुक करण्यात अर्थ नाही. तिथेही अरेरावी होती, आणि आज तिच्या आसपास पावडरीचे डबे आणि त्याहून वाईट गोष्टी पोचल्या आहेत. वस्तादाचा शब्द पूर्वीसारखा चालत नाही. पण माप ठरवणारा माणूस पेयाच्या आणि पिणाऱ्याच्या मध्ये उभा असे, ही गोष्ट खरी. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या संघांचा फुटबॉल सामना असतो त्या दुपारी बाहेरच्या दुकानातून बाटली उचलणाऱ्या पोराच्या मध्ये कोणी उभा नसतो.

मुलांचा प्रश्न म्हणूनच प्रौढांपासून तोडून पाहावा लागतो, आणि या एका मुद्द्यावर सगळ्या परंपरांचे कमालीचे एकमत आहे. नारदस्मृती सोळा वर्षांपर्यंत मुलाला बाल मानते आणि त्याच्या व्यवहाराला स्वतंत्र माणसाच्या व्यवहाराची मान्यता देत नाही. मिलनेही आपला स्वातंत्र्याचा सिद्धांत मुलांना लागू नाही, असे सुरुवातीलाच बजावले. कोल्हापूर संस्थानाचा स्वतःचा दाखला तर अधिक ठाशीव आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा निरक्षरतेचे तोटे सांगणारी पत्रके वाटून ते थांबले नाहीत. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही गरिबाला जड जाणारी रक्कम होती, आणि त्यावर नाराजीही झाली असेल. पण मुलाच्या हिताच्या बाबतीत मोठ्यांना नुसते सावध करून भागत नाही, हा त्या दंडामागचा विचार होता. मुलांनी घेऊ नये असे बाटलीवर छापायचे आणि तीच बाटली गणवेशातल्या मुलाच्या हातात द्यायची, यात इशाऱ्याचा अर्थच उलटतो. विकणाऱ्याला ही वस्तू या गिऱ्हाइकासाठी नाही हे ठाऊक आहे, याचा लेखी पुरावा तो इशाराच ठरतो. नकळत केलेल्या दोषापेक्षा जाणून केलेला दोष मोठा, हे कोणतेही धर्मशास्त्र सांगेल.

महाराष्ट्रात हा विषय जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत आला. सत्यजित तांबे यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नावर तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनच्या पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याचे जाहीर केले. तंबाखूच्या २००३ सालच्या कायद्यात हेच अंतर शंभर यार्ड आहे. ५०० मीटरचे वर्तुळ म्हणजे पाऊण चौरस किलोमीटरहून थोडे जास्त. कोल्हापूर महापालिकेचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आहे. जुन्या पेठांत शाळा इतक्या जवळजवळ आहेत, की वर्तुळे एकमेकांवर चढतील आणि महाद्वार रोडपासून मंगळवार पेठेपर्यंत एखादे दुकान बाहेर राहिले तर नशीब. हा हेतू चांगला असला तरी त्यातला तर्क कच्चा आहे. क्षेत्राचे पावित्र्य जपण्यासाठी अंतर मोजणे ठीक. देवळापासून दारूचे दुकान दूर ठेवतात ते त्या जागेच्या मानासाठी. इथे जपायची आहे ती जागा नव्हे, वय आहे. ५०० मीटरच्या नियमाने चाळिशीचा रिक्षावाला शाळेसमोर बाटली घेऊ शकणार नाही आणि पंधरा वर्षांचा मुलगा सहाशे मीटरवर निवांत घेईल. लिथुआनियाने २०१४ साली आणि पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांखालच्यांना विक्रीच बंद केली. अधिकार व्यक्तीचा असतो, अंतराचा नसतो, हे ओळखणारा नियम तो.

प्रौढांच्या बाबतीत प्रश्न अवघड होतो, कारण सगळेच प्रौढ हौसेने पीत नाहीत. गळीत हंगामात ऊस भरलेला ट्रक रात्री कारखान्याच्या रांगेत उभा करून पहाटे परत फडावर नेणारा ड्रायव्हर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा कामगार, पुणे-बंगळूर महामार्गावर माल वाहणारा चालक, यांच्या लेखी जागे राहणे ही पोटाची अट आहे. भरतीची तयारी करणारी, पहाटे पळून दुपारी अभ्यासिकेत बसणारी पोरेही याच रांगेत आहेत. अशांना बाटलीवरचे वाक्य सांगते की हे जपून घ्या, आणि त्यांच्या कामाचे वेळापत्रक सांगते की झोपू नका. इथे प्रज्ञापराध एकट्या पिणाऱ्याचा म्हणणे अन्यायाचे आहे. झोप अडवणारा पहिला हात पाळी लावणाऱ्याचा आहे, बाटलीचा दुसरा. इशाऱ्याची हीच मोठी मर्यादा म्हणावी लागेल: तो सगळा दोष शेवटच्या हाताच्या, म्हणजे पिणाऱ्याच्या, माथी लिहून ठेवतो. तरीही त्या ड्रायव्हरला एक गोष्ट कळणे जिवाचे आहे: बाटलीने झोप पुढे ढकलली जाते, रद्द होत नाही. आजच्या लेबलावर हे वाक्य नाही. गर्भवतीचा उल्लेख आहे, स्टीअरिंगवर बसलेल्याचा नाही.

या सगळ्यावरून इशाऱ्याची जागा ठरवता येते. प्रौढासाठी इशारा हवाच, आणि मिलच्या युक्तिवादाला तिथे उत्तर नाही. जाणण्याचा हक्क कोणत्याही बंदीपेक्षा जुना आहे. तो दर्शनी बाजूला हवा, चिलीने २०१६ साली जास्त साखर-मिठाच्या पदार्थांवर काळे अष्टकोन छापायला लावले तसा लांबून दिसणारा. मुलांसाठी इशारा पुरेसा नाही, तिथे विक्रीच थांबायला हवी, आणि ते थांबवण्याची जबाबदारी आधी कंपनीची, मग दुकानदाराची, त्यानंतर घरच्यांची. ज्या दुकानदाराला गल्लीतल्या प्रत्येक पोराचे नाव आणि बापाचे नाव पाठ असते, त्याला वय ओळखता आले नाही ही सबब कोल्हापुरात तरी कोणी मान्य करणार नाही.

राहिली भाषा. अन्नाच्या वेष्टनावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की २०२० सालचे लेबलविषयक नियम पुरे होतात. इतर भाषा जोडीला छापण्यास त्याच नियमांत मुभा आहे. मुलांनी हे पिऊ नये, एवढे वाक्य बाटलीवर मराठीत छापण्यासाठी कंपनीला नवा कायदा होण्याची वाट पाहावी लागत नाही.